देवीची शक्ती कोणाची?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, गौरीपूजनाच्या संध्याकाळी कोलकात्यात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज गौरी जेवल्या. घरोघरी पुरणपोळी झाली, सोळा भाज्या झाल्या, आणि त्यानंतर तुम्ही सगळे इथे जागे राहून व्याख्यान ऐकायला आलात, याबद्दल आधी तुमचं कौतुक करतो. कार्यकारिणीने मला विषय दिला तो 'देवीची रूपं आणि त्यांचा अर्थ'. विषय समुद्राएवढा आहे. माझ्या हाती पाऊण तास आणि त्यानंतर आरती. तेव्हा सगळ्या देवींची यादी वाचण्यापेक्षा एकच प्रश्न धरून पुढे जावं असं मी ठरवलं. देवीच्या हातात एवढी आयुधं असतात, अंगात एवढं सामर्थ्य असतं, ते तिला कुठून मिळालं? कोणी दिलं की तिचं स्वतःचं आहे?

सुरुवात आपल्या घरच्या गौरीपासूनच करू. आपल्याकडे गौरीची किती रूपं आहेत पाहा. कोणाकडे मुखवट्याच्या उभ्या गौरी, कोणाकडे नदीकाठच्या खड्यांच्या, कोणाकडे तेरड्याच्या रोपांच्या. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर निघतात. तीन दिवसांची माहेरवाशीण. आता इथलं पाहा. आणखी काही दिवसांनी दुर्गापूजा येईल. कुमारटुलीत आजच मूर्तींवर माती चढलेली आहे. बंगाली माणसाची दुर्गासुद्धा मुलाबाळांना घेऊन बापाच्या घरी येते आणि विजयादशमीला डोळ्यांत पाणी आणून परत जाते. आपली गौरी आणि त्यांची उमा या दोघी माहेरपणालाच येतात.

दुर्गापूजेच्या मांडवात गणपतीच्या शेजारी लाल काठाची साडी नेसवलेलं केळीचं रोप तुम्ही पाहिलं असेल. इथे त्याला 'कोला बोउ' म्हणतात आणि पुष्कळ लोक तिला गणपतीची बायको समजतात. वास्तविक ती नवपत्रिका आहे. केळ, अळू, हळद, जयंती, बेल, डाळिंब, अशोक, मानकचू आणि भात अशा नऊ वनस्पतींची जुडी. सप्तमीच्या पहाटे तिला स्नान घालून आणतात आणि दुर्गेचंच रूप म्हणून तिची पूजा करतात. म्हणजे ती गणपतीची आई! आपली तेरड्याची गौरी आणि ही नवपत्रिका शेजारी ठेवल्या की कळतं, मूर्तीच्याही आधी देवी रानात होती, पिकात होती. पावसाने जमीन भिजते, हिरवं वर येतं, त्या उगवण्यालाच माणसाने आधी हात जोडले. जमिनीला उगवण्याची ताकद कोणी आणून दिली, असं शेतकऱ्याने कधी विचारलं नाही. ती तिची होती.

पुढे ग्रंथ आले, आणि तिथे हा प्रश्न उघडपणे आला. देवीविषयीचा आपला मुख्य ग्रंथ म्हणजे देवीमाहात्म्य, ज्याला आपण सप्तशती म्हणतो. मार्कंडेय पुराणाचे हे तेरा अध्याय. अभ्यासक ते साधारण पाचव्या-सहाव्या शतकातले मानतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी नवरात्रात सप्तशतीचा पाठ होतो. पाठ होतो, पण गोष्ट मात्र फार कमी जणांना सांगता येते. म्हणून थोडी सांगतो.

सुरथ नावाचा राजा राज्य गमावून रानात आला. तिथे त्याला समाधी नावाचा एक व्यापारी भेटला. पैशाच्या लोभाने बायको-मुलांनी त्याला घराबाहेर काढलं होतं, तरी त्याचा जीव त्यांच्यातच अडकलेला. दोघे मेधा ऋषींकडे गेले आणि म्हणाले, आम्हाला सगळं कळतं, तरी मन का सुटत नाही? उत्तर म्हणून ऋषींनी देवीच्या तीन कथा सांगितल्या. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. सप्तशती सुरू होते ती हरलेल्या, घरातून काढलेल्या माणसांपासून. देवीची आठवण ज्यांचं सगळं ठीक चाललं आहे त्यांना झालेली नाही.

तीन कथांपैकी मधली महिषासुराची. देव हरले, स्वर्ग गेला. ब्रह्मदेवाला पुढे घालून सगळे विष्णू आणि शंकराकडे गेले. हकिकत ऐकून त्यांना संताप आला, आणि त्या संतापातून प्रत्येकाच्या अंगातून तेज बाहेर पडलं. ते तेज एकत्र झालं आणि त्यातून एक स्त्री उभी राहिली. शंकराच्या तेजाने तिचा चेहरा झाला, यमाच्या तेजाने केस, विष्णूच्या तेजाने हात, ब्रह्मदेवाच्या तेजाने पाय, अग्नीच्या तेजाने डोळे. मग प्रत्येकाने आपापल्या आयुधातून एकेक आयुध काढून तिला दिलं. शंकराने त्रिशूळ, विष्णूने चक्र, वरुणाने शंख, अग्नीने शक्ती, वायूने धनुष्य आणि बाणांनी भरलेले भाते, इंद्राने वज्र आणि ऐरावताच्या गळ्यातली घंटा. ब्रह्मदेवाने जपमाळ आणि कमंडलू दिला. सूर्याने तिच्या रोमारोमांत आपले किरण भरले. विश्वकर्म्याने परशू दिला, हिमालयाने बसायला सिंह दिला, आणि कुबेराने मद्याने भरलेला प्याला.

या यादीत शस्त्रं आहेत तशी जपमाळही आहे, घंटाही आहे. म्हणजे लढणारी, ध्यान करणारी आणि आवाज उठवणारी अशी ती एकच आहे. एका देवाचं एक शस्त्र पुरलं नव्हतं. प्रत्येकाचं थोडंथोडं एकत्र आलं तेव्हा काम झालं. आपलं मंडळही वर्गणीवर चालतं, तेव्हा ही गोष्ट आपल्याला पटायला हरकत नाही. पण याहून मोठी एक गोष्ट आहे. आयुधं दिल्यानंतर देवांनी काय केलं? बाजूला झाले. युद्धाच्या वर्णनात कुठेही असं नाही की इंद्र मध्येच येऊन म्हणतोय, वज्र असं धरायचं नसतं! दिलं ते दिलं. पुढचं तिने तिच्या पद्धतीने केलं.

महिषासुर रूपं बदलत राहतो. रेड्यावर पाश टाकला तर तो सिंह होतो, सिंहाचं डोकं तोडावं तर तलवार घेतलेला माणूस होतो, माणसावर बाण सोडावेत तर हत्ती होतो, आणि हत्तीची सोंड तुटली की पुन्हा रेडा. ज्याला आपल्या सत्तेखेरीज काही दिसत नाही तो असाच प्रत्येक वेळी नवा चेहरा घेऊन येतो. शेवटी देवी शांतपणे कुबेराचा प्याला पिते, माझं पिऊन होईपर्यंत गरजून घे असं त्याला बजावते, आणि मग उडी घेऊन त्याच्या मानेवर पाय देते.

दक्षिणेत सहलीला गेलात तर मामल्लपुरमची महिषमर्दिनीची गुहा जरूर पाहा. सातव्या शतकातलं, पल्लवांच्या काळातलं काम. तिथे देवी सिंहावर बसून धनुष्य ताणून चाललेली आहे, आणि समोरचा महिष माणसाच्या अंगाचा, रेड्याच्या तोंडाचा, गदा घेऊन उभा. अजून पडलेला नाही, पण मागे झुकलेला आहे. शिल्पकाराने वध दाखवला नाही. पारडं फिरतं तो क्षण दाखवला. आपल्या वेरूळलाही महिषासुरमर्दिनी आहे, सोळाव्या क्रमांकाच्या कैलास लेण्यात आणि चौदाव्या लेण्यातही.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, मग उत्तर मिळालंच की! शक्ती देवांनी दिली. देव पुरुष, म्हणजे बाईला ताकद शेवटी पुरुषांकडूनच मिळाली. पण ग्रंथ इथे संपत नाही. तिसरी कथा, शुंभ-निशुंभांची, मला वाटतं याच शंकेचं उत्तर द्यायला रचलेली आहे.

या कथेत देवी पार्वतीच्या देहातून बाहेर येते आणि हिमालयावर एकटी असते. चंड आणि मुंड तिला पाहतात आणि शुंभाला जाऊन सांगतात, तिन्ही लोकांतली सगळी रत्नं तुझ्याकडे आहेत, हे एक स्त्रीरत्न तेवढं राहिलं. शुंभ दूत पाठवतो: माझी किंवा माझ्या भावाची बायको हो. देवी गोड शब्दांत सांगते, पूर्वी विचार न करता मी एक प्रतिज्ञा करून बसले, जो मला युद्धात जिंकेल तोच माझा पती होईल. शुंभाचा सेनापती धूम्रलोचन तिला केस धरून ओढून आणायला येतो. देवी नुसता हुंकार देते आणि तो भस्म होतो. मग चंड-मुंड येतात. देवीच्या कपाळातून काली निघते, त्यांना मारते आणि चामुंडा म्हणवते.

यानंतर रक्तबीज. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तेवढाच बलवान दुसरा रक्तबीज उभा राहतो. मारावं तितका वाढतो. शेवटी काली तोंड पसरून त्याचं रक्त जमिनीवर पडण्याआधीच पिऊन टाकते. मला या कथेत नेहमी आपल्या रूढी दिसतात. एक मोडली की तीच दुसऱ्या नावाने उभी राहते. वरवर वार करून रक्तबीज मरत नाही.

याच युद्धात सगळ्या देवांच्या शक्ती देवीच्या मदतीला येतात. ब्रह्माणी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, नारसिंही, ऐंद्री. आणि देवीची स्वतःची शक्ती प्रत्यक्ष शंकराला दूत करून शुंभाकडे पाठवते. म्हणून तिला शिवदूती नाव पडलं. महादेव निरोप्या झाले, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटल्याचं ग्रंथात कुठे नाही!

निशुंभ पडतो. मग शुंभ देवीला टोमणा मारतो. तू दुसऱ्यांच्या बळावर लढतेस आणि वर गर्व करतेस! म्हणजे आपला आजचा प्रश्न इथे शत्रूच्याच तोंडी आहे. देवी सांगते की या जगात मी एकटीच आहे, माझ्याखेरीज दुसरी आहे कोण? या सगळ्या माझ्याच विभूती आहेत, बघ. आणि त्या सर्व शक्ती तिच्या देहात मिसळून जातात. उरते ती एकटी. शेवटचं युद्ध ती एकटीने करते.

म्हणजे ग्रंथाचं उत्तर सरळ आहे. देवांनी दिलं असं जे दिसत होतं, ते मुळात तिचंच होतं. देवांकडे ते ठेवीसारखं होतं. ठेव परत केली म्हणून कोणी दाता होत नाही.

आणि ती शक्ती फक्त रणांगणावर असते असंही नाही. याच कथेच्या आरंभी देव तिची स्तुती करतात. त्या स्तोत्रात ती कुठे कुठे राहते हे सांगितलं आहे. बुद्धीत, झोपेत, भुकेत, सावलीत, तहानेत, क्षमेत, लाजेत, श्रद्धेत, आठवणीत, दयेत, आईपणात, इतकंच काय भ्रमातसुद्धा. आणि ती राहते सर्व प्राणिमात्रांत. स्तोत्राने त्यात कोणाला वगळलेलं नाही.

आता आपल्या महाराष्ट्राच्या देवींकडे वळू. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर आणि वणीची सप्तशृंगी, ही आपली साडेतीन पीठं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या चार हातांत काय आहे? म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र. म्हाळुंग हे बियांनी भरलेलं फळ, म्हणजे निर्मिती. पानपात्र म्हणजे पोषण. गदा-ढाल म्हणजे रक्षण. घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला ही चार कामं ओळखीची वाटतील. माहूरला रेणुकेचा फक्त मुखवटा, ना हात ना शस्त्र, तरी तिच्यासमोर उभं राहिलं की नजर हलत नाही. वणीची देवी अठरा हातांची, डोंगराच्या कड्यातच कोरलेली.

तुळजाभवानी अष्टभुजा महिषमर्दिनी. तिची एक प्रथा मला सगळ्यांत आवडते. तिची मूर्ती चल आहे, म्हणजे जागेवरून हलवता येते. वर्षातून तीनदा तिला पलंगावर निजवतात. नवरात्राच्या आधी, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत आणि पौषात. दसऱ्यानंतरच्या झोपेला श्रमनिद्रा म्हणतात. नऊ दिवस लढून देवी दमली, आता तिला विश्रांती. देवी थकते हे मान्य करायला आपल्या पूर्वजांना संकोच वाटला नाही. आज सोळा भाज्या कोणी चिरल्या, पुरण कोणी वाटलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या गौरी निघाल्यावर त्या घरातल्या देवीला श्रमनिद्रा मिळते का, हे पुरुष मंडळींनी आपल्या घरी जाऊन पाहावं. (हशा)

आता मी ज्या रूपापाशी तुम्हाला न्यायचं म्हणत होतो तिथे येतो. आपण कालीच्या नगरीत राहतो. काली ही दहा महाविद्यांतली पहिली. काली, तारा, त्रिपुरसुंदरी, भुवनेश्वरी, भैरवी, छिन्नमस्ता, धूमावती, बगलामुखी, मातंगी आणि कमला, या त्या दहा. यांतली कमला म्हणजे कमळातली लक्ष्मी, सोन्यासारखी, हत्ती तिच्यावर पाणी घालताहेत. तिचं चित्र आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. धूमावतीचं चित्र मात्र कोणी घरात लावत नाही. ती म्हातारी आहे, केस विस्कटलेले, अंगावर मळकं वस्त्र, रथावर कावळ्याचा ध्वज. ती विधवा आहे. आणि तिच्या हातात सूप आहे.

सूप! कोकणातल्या मंडळींना आज सूप वेगळं सांगायला नको. नव्या सुनेचा पहिला ओवसा असतो तो सुपानेच. सुपाचं काम काय? फोल उडवायचं आणि दाणा ठेवायचा. आयुष्याने सगळं काढून घेतल्यावर जे उरतं ते खरं धान्य, असा धूमावतीच्या सुपाचा अर्थ मी लावतो. ज्यांनी या दहा देवींची रचना केली त्यांनी विधवेला दाराबाहेर ठेवलं नाही. लक्ष्मीच्या पंगतीला बसवलं, आणि विद्या म्हटलं. काशीत धूमावतीचं मंदिर आहे, आजही तिथे पूजा होते.

सप्तशतीतली लढणारी देवी कोणाची पत्नी म्हणून लढत नाही. पार्वती सौभाग्यवती आहे. कौमारी कुमारी आहे. धूमावती विधवा आहे. शक्ती मात्र एकच. कपाळावर कुंकू आहे की नाही यावरून शक्ती कमी-जास्त होते, असं या सगळ्या परंपरेत मला तरी कुठे दिसलं नाही.

हे मी आज मुद्दाम सांगतो आहे. येताना दाराजवळच्या फळ्यावर परवाच्या हळदीकुंकवाचं निमंत्रण वाचलं. 'सर्व सुवासिनींनी अगत्य यावे' असं लिहिलं आहे. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नाही. वर्षानुवर्षं हेच वाक्य आहे, तेच पुन्हा लिहिलं गेलं. पण या सभागृहात अशा काकू आणि आजी बसल्या आहेत, ज्यांनी पन्नास वर्षं या मंडळाचे मोदक वळले, ज्यांनी आपल्या मुलांना परप्रांतात मराठी शिकवलं. पती गेल्यावर त्यांना त्या दिवशी घरी बसावं लागतं. कोणी त्यांना 'येऊ नका' म्हणत नाही. फळ्यावरचा तो एक शब्दच पुरतो.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. याच शहरात ईश्वरचंद्र विद्यासागर झटले आणि १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. पुण्यात धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. म्हणजे बंगाल आणि महाराष्ट्र या दोघांनी मिळून हे काम उचललेलं आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला, की पती गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. अंबाबाईच्या जिल्ह्यातलं एक लहानसं गाव हे करू शकलं. इथे कोलकात्यातही विजयादशमीच्या सिंदूरखेळात गेल्या काही वर्षांत काही पूजा समित्यांनी विधवांना, अविवाहितांना बोलावलं आहे.

कोणी म्हणेल, प्रथा आहे, घरातल्या मोठ्यांना काय वाटेल? त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. ज्यांना यायचं नाही त्यांनी येऊ नये, कोणाला ओढून आणायचं नाही. पण न येण्याचा निर्णय त्यांचा असावा, निमंत्रणाचा नसावा. गौरीला आपण हळद वाहतो, कुंकू वाहतो. तिच्यासमोर बसलेल्या कोणत्या बाईला तो करंडा पुढे करायचा, हे ठरवण्याचा अधिकार गौरीने आपल्याला दिलेला नाही.

म्हणून कार्यकारिणीला माझी नम्र विनंती एवढीच आहे. फळ्यावरचा एक शब्द बदला. 'सुवासिनींनी' पुसा आणि 'भगिनींनी' लिहा. त्याला ठराव नको, सभा नको, खडूचा एक तुकडा पुरे. आणि परवा पहिलं कुंकू या मंडळातल्या सर्वांत वडील आजींना लावा, मग त्या कोणीही असोत.

 आरतीची वेळ झाली आहे, आणि आईच्या आधी मुलाचा मान, तेव्हा मी थांबतो.

गणपती बाप्पा मोरया! गौरीमातेचा उदो उदो!

(संपादकीय टीप: व्याख्यान संपल्यावर, आरतीपूर्वीच, फळ्यावरील मजकूर बदलण्यात आला. यंदाच्या हळदीकुंकवाचे निमंत्रणही 'सर्व भगिनींना' असेच छापले आहे.)